ओटीतली डाळ

फाल्गुनाचं ऊन तापायला लागलं की आमच्याकडं डाळी करायचं काम निघायचं. तुरीला तेलाचा हात आणि कावेचं पाणी लावायचं, रात्रभर पोत्याखाली दाबून ठेवायची, दोन-चार उन्हं द्यायची आणि मग जात्यावर भरडायची. सुपात पाखडली की तीन वाटण्या व्हायच्या. पिवळीधमक डाळ आमच्या डब्यात, टरफलं म्हशीच्या दावणीला आणि राहिलेली चुणी भरडणाऱ्या बायांना, मजुरीच्या वर. ही वाटणी कुणी ठरवली, हे कधी कुणी विचारलं नाही.

तुरीच्या डाळीवाचून घर चालत नव्हतं. नैवेद्याच्या पानावर भाताच्या मुदीवर वरण आणि तुपाची धार. रोजच्याला चिंचगुळाची आमटी. भाजी नसली की वरणफळं. घरात कुणी तापातून उठलं, की पहिलं पथ्य म्हणजे वरणाच्या वरची निवळ. तान्ह्याला पहिला घास त्याचा, दात पडलेल्या म्हाताऱ्याला शेवटचाही त्याचाच.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. वाळवणावर शेळ्या येऊ नयेत म्हणून मला जात्यापाशी बसवलं होतं. भरडायला येणाऱ्या एका बाईला आम्ही मावशी म्हणायचो. उठता उठता तिनं दोन मुठी डाळ ओटीत टाकली आणि वर चुणी ओतली. मी पाहिलं, आणि ओरडलो, "काकू, मावशीनं डाळ घेतली!"

काकू बाहेर आली. सगळ्यांसमोर तिला पदर सोडायला लावला. मावशी एवढंच म्हणाली, "पोरगी तापातून उठलीया बाई. चुणीचं पाणी गढूळ येतंय, तोंडात घेईना ती."

"मागितली असती तर दिली नसती का?" असं म्हणत काकूनं डाळ वेचून घेतली. मला गुळाचा खडा मिळाला. मावशीनं चुणीही तिथंच ठेवली आणि ती गेली.

रात्री आजीजवळ झोपताना मी विचारलं, "आजी, मी खोटं बोललो का?"

"नाही रे लेकरा, खरंच बोललास. पण कुणासाठी बोललास?"

मला उत्तर आलं नाही. सकाळी आजीनं मापटंभर डाळ फडक्यात बांधून माझ्याच हाती मावशीकडं धाडली. मावशी दारात उभी राहिली. पोरगी आत वाकळेवर पडली होती. "आजीला सांग, पोरगी बरी हाय. डाळ नको," म्हणाली. मी गाठोडं परत आणलं. त्यानंतर मावशी आमच्या जात्यावर कधी बसली नाही.

विचारल्यावाचून घेतली ती चोरीच, असं म्हणणारा माझ्यात अजून आहे. त्याला मी गप्प बसवू शकत नाही, कारण एका घरात सूट दिली की दुसऱ्या घरात कुलूप लागतं, हेही मी पाहिलंय. पण काकूचं बोलणंही मला आता पटत नाही. मागितली असती तर दिली असती, हे देणाऱ्याला सोपं वाटतं. मागणाऱ्याला त्यासाठी आधी मान खाली घालावी लागते, आणि ज्या हातांनी डाळ केली त्याच हातांनी ती मागावी लागते. आजीनं दिली ती मनापासून, पण पदर सोडायला लावल्यावर दिली. रिकाम्या पोटी माणूस तेवढा फरक ओळखतो.

खरं सांगणं ही मोठी गोष्ट, असं शाळेत शिकवतात. पण त्या दिवशी माझ्या खऱ्याला काहीच किंमत मोजावी लागली नव्हती. उलट गूळ मिळाला. किंमत मोजली ती तापातून उठलेल्या पोरीनं.

आता डाळ पिशवीतून येते, गुळगुळीत, एकही टरफल नसलेली. चुणी कुणाच्या वाट्याला गेली ते कळत नाही. कुकरची शिट्टी होते, वरण होतं, आम्ही जेवतो. आजारी माणसासाठी निवळ काढून ठेवायची वेळ आली, की मात्र माझा हात वाटीपाशी थोडा थांबतो.