खत आणि लग्नगाठ

कायदा बंधन मोडतो, तेव्हा नीतीही मोडते काय? १८७५ साली पारनेर-श्रीगोंदे भागांत कुणब्यांनी सावकारांची खते जाळली. १८७९ च्या कायद्याने नगर जिल्ह्यातील न्यायाधीशांस खतामागील व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. कुणब्याने निदान अंगठा तरी उठविला होता. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या मुंबईच्या रखमाबाईंस मात्र १८८७ मध्ये न्यायालयाने पतिगृह अथवा सहा महिने तुरुंग, एवढीच निवड ठेविली. ऋणकोंस परस्परांच्या जबाबदारीवर पतसंस्था उभारण्याची वाट १९०४ च्या कायद्याने खुली केली. काडीमोडीची रूढी नसलेल्या जातींतील हिंदू स्त्रीस मुंबई प्रांतात घटस्फोटासाठी १९४७ उजाडावे लागले. आम्हांस वाटते, संमतीवाचून पडलेली गाठ सोडविल्याने नीती मोडत नाही. ती तेथे बांधलीच गेली नव्हती.