कितीला घेतला?

मागच्या पावसाळ्यात एका रात्री बऱ्याच महिन्यांनी गेममध्ये लॉगिन केलं. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून गेममधल्या बाजारपेठेत घोड्यावर बसून नुसताच उभा होतो. एक अनोळखी खेळाडू आला, माझ्याभोवती दोन चकरा मारल्या आणि चॅटमध्ये लिहिलं, "दादा, हा घोडा शॉपमध्ये दिसत नाही. कितीला घेतला?" माझ्या आयडीत 'कर्जत' आहे, त्यावरून त्याने मला मराठी समजलं असणार.

मी लिहिलं, "विकत नाही घेतला. मिळवलाय."

जरा वेळ शांतता. मग, "म्हणजे फुकट?"

मी तीनदा काहीतरी टाइप करून खोडलं. शेवटी "हो" लिहिलं आणि लॉगआउट केलं. त्या 'हो'ची चुटपुट अजून गेलेली नाही.

गेमचं नाव सांगत नाही. तुम्ही जो गेम आठ-दहा वर्षं खेळला असाल, त्याचं नाव इथे घाला. आमचा पीसीवरचा, तलवारी, राक्षस, किल्ले वगैरे. २०१५ साली मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा आम्ही चौघांनी तो सुरू केला. एकमेकांना हाक गावाच्या नावाने: नेरळकर, खोपोलीकर, पळसदरीकर आणि मी कर्जतकर. काळ्या घोड्यासाठी एक किल्ला सर करावा लागायचा. त्याला आठ जण लागत, म्हणजे आम्ही चौघं आणि त्या रात्री जे भेटतील ते चार. तिसऱ्या दालनात एक अरुंद पूल होता. आठही जणांनी तो एका लयीत ओलांडायचा, एकाचा पाय चुकला की सगळे खाली. पार झालात तरी घोडा आठांपैकी एकालाच, तोही नशिबाने. त्यात कर्जतचा पाऊस आणि पावसात जाणारी लाइट.

चौघांना चार घोडे मिळायला सात महिने लागले. सगळ्यात शेवटी खोपोलीकरला मिळाला. त्याच्यासाठी आम्ही तिघं, आमचे घोडे आधीच मिळालेले असताना, सात रविवार पुलावरून पडत होतो. पोराला "मिळवलाय" म्हणताना माझ्या डोक्यात हे सगळं होतं. त्याच्यापर्यंत पोचला तो एकच शब्द, फुकट.

दुकान २०१९ साली आलं. आधी टोप्या, अंगरखे. आम्ही तक्रार केली नाही, आणि करायला तोंडही नव्हतं. चार वर्षांत आमच्यापैकी एकानेही कंपनीला एक रुपया दिला नव्हता आणि सर्व्हर काही हवेवर चालत नाही. मग २०२१ मध्ये घोडा आला. आयाळीला आग लागलेला, ₹७९९. वेग आमच्या घोड्याइतकाच. मी मोजून बघितला.

नेहमीचा युक्तिवाद इथेच येतो: वेग वाढत नाही ना, मग तुझं काय गेलं? बीजीएमआयमध्ये यूसी भरून बंदुकीला स्किन घेणारेही हेच म्हणतात, स्किनने गोळी काही जास्त लागत नाही. खरं आहे. माझ्या घोड्याचा एक केसही कमी झाला नाही. बदलला तो लोकांचा प्रश्न. आधी बाजारात काळा घोडा दिसला की नवखे विचारायचे, "पूल कसा पार केलात?" आता विचारतात, "कितीला?"

मला बराच काळ वाटायचं की हा नुसता अहंकार आहे. काही अंशी आहेच. पण माझ्या काकांच्या घरी शोकेसमध्ये कबड्डीचा एक कप आहे. तसा कप कुठल्याही ट्रॉफीच्या दुकानात मिळतो, हवं ते नाव कोरून देतात. तरी काकांच्या कपाला धक्का लागत नाही, कारण गावात त्यांना खेळताना पाहिलेली माणसं आहेत. कप हरवला तरी ती सांगतील. गेममध्ये मला पाहिलेलं कोणी नाही. हजारो अनोळखी लोकांत माझ्या बाजूने बोलणारा एकच साक्षीदार, तो घोडा. गावात खूण ही आठवण असते, ऑनलाइन खूण हाच सगळा पुरावा असतो. दुकानाने माझी वस्तू घेतली नाही, माझ्या साक्षीदाराचं तोंड बंद केलं.

इथवर आलो की मला बरं वाटायचं. मग नेरळकरने तो आगीच्या आयाळीचा घोडा विकत घेतला.

कर्जत स्टेशनवर वडापाव खाता खाता आमचं कडाक्याचं भांडण झालं. तो खोपोलीकडे एका कारखान्यात आहे, बारा-बारा तासांची शिफ्ट. तो म्हणाला, "तू सात महिने दिलेस ते कोणाचे होते? तुझ्या बापाने फी भरली, आईने डबा दिला, म्हणून तुझ्याकडे रात्री होत्या. माझ्याही तेव्हा होत्या. आता नाहीत. मी पगारातले पैसे दिले. तुझा वेळ पवित्र आणि माझा घाम बाजारू, असं का रे?"

मी काहीतरी बोललो, पण उत्तर नव्हतं. घरी येताना खिडकीची सीट आठवली. कर्जतहून सुटणाऱ्या लोकलमध्ये जो आधी प्लॅटफॉर्मवर, त्याची खिडकी. सीएसएमटीपर्यंत शंभर किलोमीटर, दोन तासांच्या आसपास. बसायला मिळणं म्हणजे काय, हे रोज जाणाऱ्याला विचारा. बदलापूरचे काही लोक उलटे कर्जतला येऊन त्याच गाडीत बसून राहतात. हे सगळ्यांना मान्य असतं, कारण वाटतं की वेळ सगळ्यांकडे सारखाच आहे. माझी आई अनेक वर्षं ठाण्याला नोकरीला जायची. पाणी भरून, तिघांचे डबे करून ती गाडी सुटता सुटता चढायची. तिला खिडकी मिळाल्याचं मला आठवत नाही. मी कॉलेजच्या इंटर्नशिपला दोनच महिने गेलो आणि रोज खिडकीत बसलो, कारण माझा डबा तिने भरलेला असायचा.

तेव्हा 'वेळ दिला म्हणजे कमावलं आणि पैसे दिले म्हणजे विकत घेतलं' ही माझी रेघ वाटते तितकी सरळ नाही. वेळही वारशाने मिळतो. हा मुद्दा नेरळकरने जिंकला आणि मी तो परत मागणार नाही.

तरीही काहीतरी चुकतंय हे जात नव्हतं. ते सापडायला मला त्याच वर्षीचा दुसरा अपडेट लागला. पुलावर आठवड्यात एकच प्रयत्न करता येईल, असा नियम आला. दुसरा हवा असेल तर तिकीट, ₹४९.

बर्नार्ड सुट्स नावाचे तत्त्वज्ञ होते. 'द ग्रासहॉपर' या १९७८च्या पुस्तकात त्यांनी खेळाची व्याख्या केली आहे. माझ्या शब्दांत सांगायचं तर, खेळ म्हणजे गरज नसलेली अडचण आपल्या मर्जीने अंगावर घेणं. दहीहंडी घ्या. हंडी शिडी लावून दोन मिनिटांत खाली काढता येते. शिडी वापरायची नाही, एवढ्या एका अटीमुळे ती दहीहंडी होते. थर लावणारे वेडे नसतात, त्यांना हंडी अशाच रीतीने हवी असते.

आता समजा, ज्या मंडळाने हंडी बांधली त्याच मंडळाने शेजारी शिडी भाड्याने द्यायचा स्टॉल टाकला. कोणी शिडी घेतली म्हणून थर लावणाऱ्यांचं काय बिघडलं? यंदा काहीच नाही. पण पुढच्या वर्षी हंडी किती उंच बांधायची हे मंडळ कशावरून ठरवेल? गोविंदांना झेपेल पण घाम काढेल अशी उंची आता कोणाच्या डोक्यात असेल? मंडळातली माणसं वाईट असायची गरज नाही. हिशेबाची वही एकच आहे, एवढं पुरे.

नेरळकरने पैसे दिले यात माझी तक्रार नव्हती, हे मला तेव्हा कळलं. ज्याने पूल बांधला तोच आता पुलावरून पडण्याचे पैसे घेत होता.

जगात हे आधी होऊन गेलंय. २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं तेव्हा लोक हसले होते. (घोडेच का, देव जाणे.) २०११च्या जूनमध्ये 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये दुकान आलं आणि त्यात एका डोळ्यावर लावायची काच साठ डॉलरहून महाग होती. आइसलँडच्या त्या कंपनीचं अंतर्गत वार्तापत्र बाहेर फुटलं, त्यात हाव चांगली असते का अशी चर्चा होती. वर्षानुवर्षं खेळणारे लोक जिटा नावाच्या गेममधल्या बाजारपेठेत जमले आणि तिथल्या एका स्मारकावर आपल्या जहाजांतून गोळ्या झाडत बसले. स्मारक पडणार नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांची धास्ती त्या काचेची नव्हतीच. आज काच, उद्या जहाजं आणि तोफा, ही होती. ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली.

२०१७ मध्ये 'बॅटलफ्रंट २'च्या खेळाडूंनी हिशेब मांडला की डार्थ व्हेडर मिळवायला चाळीसेक तास खेळावं लागेल. त्यांना तास खटकले नाहीत. शेजारी पैसे भरून पुढे जायची वाट होती, त्यामुळे ते चाळीस तास चाळीस तासांसारखे वाटेनात.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते 'डायब्लो ३'चं. २०१२ मध्ये त्यांनी गेममध्येच खऱ्या पैशांचा लिलाव बाजार उघडला. राक्षस मारून तलवार मिळवण्यापेक्षा बाजारात घेणं सोपं झालं, आणि राक्षस मारणं हाच तर गेम होता. १८ मार्च २०१४ रोजी कंपनीने तो बाजार स्वतःच बंद केला. कारणही हेच दिलं, मूळ खेळच पोकळ होतोय. धंद्यातल्या माणसांना ही गोष्ट कळत नाही असं नाही.

मला तर चांगलीच कळते, कारण मी ती केलेली आहे.

२०२१ ते २०२३ मी एका छोट्या कंपनीत होतो. शाळेतल्या मुलांना इंग्रजी शब्द शिकवणारं अ‍ॅप. पाच चुका झाल्या की मुलाचे 'जीव' संपायचे. मग चार तास थांबायचं, नाहीतर ₹२९ भरायचे. ते चार तास मी लिहिले. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ, त्यात १४४०० हा आकडा, कारण वेळ सेकंदांत द्यायची होती. त्या चार तासांत सर्व्हर काहीही करत नसे. मूल थांबलेलं असावं एवढंच त्याचं काम.

मी विचारलं होतं, चारच का? वरिष्ठांनी सरळ सांगितलं, "सहा ठेवले तर मुलं अ‍ॅप काढून टाकतात, दोन ठेवले तर कोणी पैसे भरत नाही." स्वभावाने चांगला माणूस, दोन मुलांचा बाप. मी ओळ सेव्ह केली, रिव्ह्यूला पाठवली. त्याच आठवड्यात आमच्या चौघांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी पुलाच्या तिकिटाबद्दल लांबलचक संतापाचा मेसेज टाकला होता. परवा तो शोधून पुन्हा वाचला. त्यात 'नीच' हा शब्द दोनदा आहे. ती नोकरी मी नंतर सोडली, पण पगारासाठी. सदसद्विवेकाचा तिथे काही संबंध नव्हता.

पुलाची रुंदीही शेवटी कुठल्यातरी फाइलमधला एक आकडाच असणार. माझ्यासारखाच कोणीतरी इंजिनिअर बसून तो बदलत असेल. तरी माझ्या चार तासांत आणि त्याच्या पुलात मला फरक दिसतो. पूल पहिल्यांदा पार झाला तेव्हा रात्री दीड वाजता आम्ही आठ माणसं हेडफोनमध्ये बेंबीच्या देठापासून ओरडलो होतो आणि माझ्या शेजारच्या खोलीतला मुलगा भिंतीवर बुक्क्या मारत होता. माझे चार तास संपल्यावर कुठलं मूल ओरडलं असेल असं मला वाटत नाही.

ऑनलाइन गेमिंगचा कायदा २०२५च्या ऑगस्टमध्ये झाला, पैसे लावून पैसे जिंकायच्या गेम्सवर बंदी आली. बरं झालं. पण १४४०० हा आकडा योग्य की अयोग्य हे कायदा सांगणार नाही. ते फाइल उघडणाऱ्यालाच ठरवावं लागतं, आणि तो बहुतेक वेळा सत्तावीस वर्षांचा असतो, त्याला ईएमआय असतो आणि संध्याकाळपर्यंत काम संपवायचं असतं.

'फुकट?' विचारणारा तो पोरगा सांगलीचा निघाला, अकरावीत आहे. दुसऱ्याच दिवशी त्याची फ्रेंड रिक्वेस्ट आली होती. मी ती तीन आठवड्यांनी स्वीकारली. त्याला पूल बघायचा होता. मी ग्रुपवर टाकलं. खोपोलीकर आता दुबईत आहे, तो म्हणाला जमवतो. पळसदरीकरने नुसता अंगठा दाखवला. नेरळकरने शिफ्ट बदलून घेतली, आणि बाकीचे तीन त्या पोराने वर्गातून आणले.

रविवारी रात्री नऊला आठ जण पुलावर उभे राहिलो. मी लय मोजून दिली. पोरगा चौथ्या पावलाला घसरला आणि आठही जण खाली. हेडफोनमध्ये आधी शांतता, मग कोणीतरी खदखदून हसलं, मग सगळेच. स्क्रीनवर ₹४९चं बटण आलं.

"दादा, मी भरू का?" पोराने विचारलं. "माझ्यामुळे पडलो."

मी काही बोलायच्या आधी नेरळकर बोलला. आगीच्या आयाळीच्या त्या घोड्यावरच बसला होता.

"राहू दे रे. पुढच्या रविवारी ये. नऊला."