वेल, वैदू आणि पथ्य

ॲमेझॉनच्या अरण्यात सिद्ध होणाऱ्या आयाहुआस्का नावाच्या काढ्याविषयी युरोप-अमेरिकेत, आणि अलीकडे आपल्याकडील शहरी सुशिक्षितांतही, जे बोलले जाते त्यात एक विधान हटकून येते: ज्या अर्थी तेथील आदिवासी हा काढा सहस्रावधी वर्षे पीत आले आहेत, त्या अर्थी तो निर्धोक असलाच पाहिजे. या विधानाचा पूर्वार्ध वादग्रस्त आहे. उत्तरार्ध तर, पूर्वार्ध निर्विवाद मानला तरी, त्यातून निघत नाही. परंपरेने सांभाळली ती वनस्पतीभोवतीची एक सबंध व्यवस्था, आणि ती व्यवस्था मागे ठेवून काढा तेवढा उचलून आणणाऱ्याला परंपरेचा हवाला देण्याचा अधिकार उरत नाही, एवढेच मला येथे मांडावयाचे आहे.

प्रथम काढ्याची घडण पाहिली पाहिजे, कारण धोक्याचे मूळही तेथेच आहे. बानिस्टेरिऑप्सिस कापी या पिळदार, काष्ठमय वेलीचे तुकडे ठेचून ते चाक्रुना नावाच्या झुडपाच्या पानांबरोबर कित्येक तास उकळले जातात. भास उत्पन्न करणारे डीएमटी हे द्रव्य असते पानांत. परंतु ते नुसते पोटात घेतले तर आतड्यातील व यकृतातील मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर त्याचा तत्काळ निकाल लावते आणि मनुष्याला कसलाही अंमल चढत नाही. वेलीतील हार्मिन, हार्मलिन इत्यादी द्रव्ये त्या विकराला काही तास निष्प्रभ करतात, व तेवढ्या अवधीत पानांतले द्रव्य मेंदूपर्यंत पोचते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोलंबियातील संशोधकांनी वेलीतले द्रव्य वेगळे काढले, तेव्हा त्याच्या योगे परचित्तज्ञान होते अशा समजुतीने त्याला ‘टेलिपॅथीन’ असे भारदस्त नाव मिळाले. पुढे ते हार्मिनच ठरले, म्हणजे इराणपासून काश्मीरपर्यंत दृष्ट काढण्यासाठी ज्या हरमलाच्या बिया निखाऱ्यावर टाकतात, त्यांतून 1840 च्या दशकातच युरोपात वेगळे केलेले जुने द्रव्य!

आता प्राचीनत्वाचा मुद्दा. बोलिव्हियातील एका गुहेत सापडलेल्या, सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या चामडी बटव्यात हार्मिन आणि डीएमटी या दोहोंचे अंश मिळाल्याचे 2019 साली प्रसिद्ध झाले, आणि त्याचा गाजावाजाही पुष्कळ झाला; परंतु दोन द्रव्ये एका बटव्यात होती एवढ्यावरून ती एका भांड्यात शिजत होती असे सिद्ध होत नाही. उलट, पेरूतील उकायाली नदीच्या काठी आज जी वैदूपद्धती दिसते ती ख्रिस्ती मिशनांच्या वसाहतींत आणि नंतर रबराच्या धंद्याच्या काळात फैलावली असावी, असे काही मानववंशशास्त्रज्ञ साधार मांडतात. त्या धंद्याने पुटुमायो नदीच्या मुलखात आदिवासींवर जे अत्याचार केले, त्यांचा रॉजर केसमेंट यांचा अहवाल 1912 साली ब्रिटिश सरकारने प्रसिद्ध केला. उजाड झालेल्या, सरमिसळ झालेल्या वस्त्यांना रोगराई आणि परस्परांविषयीचा संशय यांवर काही उपाय हवा होता. परंपरा तरुण असल्याने खोटी ठरत नाही. मात्र ‘सहस्रावधी वर्षां’ची सनद दाखवून व्यापार करणाऱ्याच्या हातातील दस्तऐवज तपासून घेणे बरे.

या वेलीचे शास्त्रीय वर्णन प्रथम लिहिणारा रिचर्ड स्प्रूस हा इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञ 1852 साली वाउपेस नदीवरील एका उत्सवात हजर होता. काढ्याचा अर्धा पेला पोटात जातो न जातो तोच यजमानांनी आग्रहाने कसाव्याच्या मद्याचा भोपळा, मागोमाग भलीमोठी चिरूट आणि वर ताडाची दारू पुढे केली, आणि बिचाऱ्याचा प्रयोग मळमळीतच आटोपला. हाच स्प्रूस पुढे इंडिया ऑफिसच्या कामगिरीवर इक्वेडोरमध्ये गेला व 1860 साली त्याने मिळविलेले सिंकोनाचे बियाणे आणि रोपे नीलगिरीत पोचली. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढता आले, ते ग्रेनांत तोलता आले, हिंदुस्थानातल्या पोस्टांतून त्याच्या पुड्या विकता आल्या. साल अरण्यातून उचलली तरी गुण तिच्याबरोबर आला. आयाहुआस्काचे तसे नाही. दर हंडीगणिक त्याचा जोर वेगळा, आणि त्याचा उपयोग तर द्रव्याइतकाच तो कोण देतो, कोणाला देतो, कोणाच्या देखत देतो यांवर अवलंबून.

उकायालीकाठच्या शिपीबो-कोनीबो लोकांत वैदू होऊ पाहणारा मनुष्य कित्येक महिने, प्रसंगी वर्षे, एकांतात राहून मीठ, साखर, डुकराचे मांस, स्त्रीसंग इत्यादी वर्ज्य करतो. त्या अवधीत वनस्पतींकडून आपल्याला गाणी मिळतात अशी त्याची श्रद्धा असते, आणि ‘इकारो’ नावाची ती गाणी हेच त्याचे शस्त्र व शास्त्र. अनेक ठिकाणी पूर्वी काढा पीत असे तो वैदू, रोगी नव्हे. दुखणे कोणी पाठविले, कोणाचा अदृश्य बाण शरीरात रुतला आहे, याचा शोध घेण्यासाठी तो पीत असे. आत्मशोधाच्या आजच्या मवाळ भाषेशी याचा फारसा संबंध नाही; तेथे करणी होती, सूड होता, आणि ज्याच्या हातून रोगी दगावत त्या वैद्याला चेटक्या ठरवून ठार मारल्याचीही उदाहरणे त्या प्रदेशात आहेत. हा क्रूर प्रकार समर्थनीय नाही. परंतु त्यातून वैदूवर एक जबाबदेही पडत असे, ती रोगी परदेशी आणि आठवड्याभराचा पाहुणा झाला की उरत नाही.

पथ्याचे एक आधुनिक स्पष्टीकरण फार लोकप्रिय आहे: वरील विकर निष्प्रभ असताना जुनाट चीज, आंबवलेले पदार्थ इत्यादींतील टायरामिन साचून रक्तदाब भडकतो, हे आदिवासींना जणू आधीच ठाऊक होते. आपल्याकडेही प्रत्येक व्रतामागे ‘शास्त्र’ शोधणारी मंडळी थोडी नाहीत, त्यामुळे हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. पण मिठात आणि साखरेत टायरामिन कोठले? शिवाय वेलीतील द्रव्यांचा परिणाम तात्पुरता असल्याने या मार्गाने येणारा धोका जुन्या विकररोधक औषधांच्या मानाने बेताचा आहे. पथ्याला स्वतःचे तर्कशास्त्र आहे, त्यावर आपले चिकटवण्याने एक गंभीर नुकसान होते: चीज टाळले म्हणजे आपण सुरक्षित झालो असे पाहुण्याला वाटू लागते.

खरा धोका जेथे आहे तेथे परंपरा मुकी आहे, आणि तिला दोष देण्याचे कारण नाही. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारख्या नैराश्यावरील गोळ्या घेणारा रोगी तिने कधी पाहिलाच नव्हता. या गोळ्या, किंवा ट्रॅमाडॉलसारखे वेदनाशामक, किंवा खोकल्याच्या औषधांतले डेक्स्ट्रोमेथॉर्फन, वेलीतील विकररोधकांशी गाठ पडताच शरीरात सेरोटोनिनचा अतिरेक घडवू शकतात. ताप, स्नायूंचे आखडणे, झटके असा तो प्रकार जिवावरही बेततो. ज्यांना स्वतःला किंवा ज्यांच्या निकटच्या नात्यात कोणाला उन्माद वा छिन्नमनस्कता झाली आहे, त्यांचे मन या काढ्याने दीर्घकाळ विस्कटण्याची भीती असते. हृद्रोग्याला नाडी व रक्तदाब यांतील चढ महागात पडतो. भरीला, पाहुण्याला ‘दर्शन’ घडलेच पाहिजे या घाईने काही जण काढ्यात ‘तोए’ घालतात. ही आपल्या धोत्र्याची नातलग, आणि धोत्र्याचे विष म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगावयास नको. पेरूतील इकिटोस शहरी जाण्यास नदी आणि आकाश याखेरीज वाट नाही. त्याच्या आसपासच्या रानातील निवासांत रात्री असा प्रसंग ओढवला तर सुसज्ज रुग्णालय किती दूर राहते, याची कल्पना करावी.

व्यवस्था नव्याने उभारता येत नाही असे मात्र नव्हे. ब्राझीलच्या आक्रे प्रांतात रायमुंदो इरिनेउ सेर्रा या रबरमजुराने 1930 च्या सुमारास सांतो दाइमे पंथ स्थापिला. 1961 साली उनियाओ दो वेजेताल निघाला. ठरलेले दिवस, ठरलेली स्तोत्रे, ओळखीचे सहभक्त आणि मात्रा देणारा उत्तरदायी पुरुष, अशी चौकट त्यांनी घातली. 2010 साली ब्राझील सरकारने नियम करून धर्मकार्यास मुभा दिली, विक्री व जाहिरात निषिद्ध ठरविली आणि नवागताची आधी मुलाखत घ्यावी असे सांगितले. पेरूने 2008 साली या काढ्याच्या पारंपरिक ज्ञानाला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. गौरव उचितच, पण जो पाहुणा पैसे मोजून पेला उचलतो त्याच्या रक्षणाचा प्रश्न गौरवाने सुटत नाही. या दोन हुकुमांत मला ब्राझीलचा अधिक शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यान्वये डीएमटी जवळ बाळगणे गुन्हा आहे, तेव्हा येथे कोणी ‘विधी’चे निमंत्रण दिले तर ते बेकायदा आहे, हे ध्यानात ठेवावे. परदेशी जाऊन हा काढा घेण्याचे ज्यांनी मनात योजिले असेल, त्यांनी आपली चालू औषधे आधी आपल्या मानसोपचारतज्ज्ञाला व नंतर तेथील यजमानाला बिनदिक्कत सांगावीत, आणि काढ्यासाठी म्हणून गोळ्या आपल्या मनाने एकाएकी बंद करू नयेत. तसे करण्याने मूळ दुखणे उलटण्याचा धोका असतो, शिवाय फ्लुओक्सेटिन थांबविल्यावरही त्याचा अंश शरीरात सुमारे पाच आठवडे राहतो.