मृतांविषयी खरे बोलावे का?



नोव्हेंबर हा मृतांचा महिना. या दिवसांत मला एक प्रसंग हटकून आठवतो. माझ्या पूर्वीच्या धर्मग्रामात एक तरुण वडिलांच्या अंत्यविधीसाठी लिहिलेला कागद दाखवायला आला. वडील मोठे हौशी. सणाचा मांडव, बॅण्ड, रोषणाई सारे तेच बघत, आणि एकाचे दोन करून सांगत. कागदावर मात्र ते ‘साधे व मितभाषी’ झाले होते. मी गप्प राहिलो. ते अजून टोचते.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधील डायना व्रीलंड यांच्याविषयी वाचताना तो कागद पुन्हा डोळ्यांपुढे आला. १९७१ साली फॅशन मासिकाच्या संपादकपदावरून त्यांना काढण्यात आले. पुढच्याच वर्षी, साठी उलटल्यावर, त्या म्युझियमच्या वस्त्रविभागात आल्या. जुने पोशाख त्यांनी झगमगाटात उभे केले, दालनांत संगीत लावले, चक्क अत्तर शिंपडले! विभागाच्या वार्षिक मेजवानीला त्यांनी असा थाट आणला की ती शहरभर गाजू लागली. बाईंचे स्वतःचे रूपही तसेच: लाल नखे, कानापर्यंत गालांची लाली, बुटांचे तळवेसुद्धा पॉलिश केलेले. अभ्यासक कुरकुरत, की येथे इतिहास कमी आणि देखावा जास्त. १९८३ साली त्यांनी इव्ह सेंट लॉराँ या हयात फॅशनकाराचे प्रदर्शन मांडले, तेव्हा म्युझियमची जाहिरात केली अशी टीका झाली. अतिशयोक्ती तर त्यांच्या जिभेवरच होती. १९८९ साली त्या वारल्या. त्यांचे चाहते आजही हे सारे हसत सांगतात. त्यांना ‘साध्या’ म्हटले तर मागे उरते कोण?

संत ऑगस्टिन आपल्या ‘कन्फेशन्स’च्या नवव्या भागात आईच्या, म्हणजे संत मोनिकाच्या, मरणाविषयी लिहितो. लहानपणी पिंपातला द्राक्षारस काढताना तिला तो चोरून पिण्याची चटक लागली होती, आणि एका दासीने तिला त्यावरून हिणवले होते, हेही तो लपवत नाही. मग तो तिच्या पापांची क्षमा मागतो. तिची शेवटची मागणी एवढीच होती, की मला कुठेही पुरा, पण प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा.

दुसऱ्याचे लपलेले दोष कारणाशिवाय उघड करणे हे पाप, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. पण साऱ्या गावाला ठाऊक असलेला माणूस पुसून त्याच्या जागी दुसराच उभा करायचा, हे प्रेम कसे? आणि ज्याच्यात काही उणेच नव्हते, त्याच्यासाठी मिस्सा तरी कशाला सांगायची?

शुक्रवारी संध्याकाळी दफनभूमीत मृतांसाठी मिस्सा आहे. नावाची चिठ्ठी देताना मागच्या बाजूला ते माणूस खरोखर कसे होते, ते दोन ओळींत लिहा. मी वाचून दाखवणार नाही. चिठ्ठ्या वेदीवर ठेवीन.