वेषाचे ऋण

संताचा वेष धारण करून जो नट उपजीविका करतो, त्याच्या मुखातून उमटलेले नाम हे खरोखरच नाम असते, की तो नामाचा केवळ आभास असतो, हा प्रश्न तेलुगू चित्रपटसृष्टीतील चित्तूर व्ही. नागय्या यांच्या चरित्राचा विचार करताना मनाला विशेष तीव्रतेने भिडतो. १९३८ साली ‘गृहलक्ष्मी’ या बोलपटातून पुढे आलेल्या या गायकनटाने १९४२ मध्ये पोतना, १९४६ मध्ये त्यागराज आणि १९४७ मध्ये वेमना अशा तीन सत्पुरुषांच्या भूमिका केल्या; त्यांपैकी त्यागराजांवरील ‘त्यागय्या’ या चित्रपटाचे दिग्दर्शनही त्यांचेच होते. आपल्याकडे ‘संत तुकाराम’ या चित्रपटानंतर त्यातील तुकाराम विष्णुपंत पागनिसांना जसा लोकांनी नमस्कार केला, तसाच आंध्रातील भाविकांनी नागय्यांना केला.

हा नमस्कार भोळेपणाचा होता, असे म्हणून विषय मिटवणे मला प्रशस्त वाटत नाही. रस म्हणजे अनुकरण, या नाट्यशास्त्राचा भाष्यकार शंकुक याच्या मताचे खंडन करताना भट्टतौत व त्यांचे शिष्य अभिनवगुप्त यांनी विचारले होते, की मूळ राम ज्या नटाने कधी पाहिलाच नाही, तो त्याचे अनुकरण करणार तरी कसे? गायनाच्या बाबतीत तर हा आक्षेप अधिकच बळावतो. क्रोधाचे सोंग आणता येते, अश्रूंचेही आणता येते. परंतु सुराचे सोंग आणता येत नाही, कारण तो लागला तर लागलेलाच असतो. नागय्या आपली पदे स्वतःच्या कंठाने गात, आणि भागवतातील अजामिळाने पुत्राला मारलेली हाकही जर नारायणाला पोहोचली, तर कॅमेऱ्यासमोर तंबोरा घेऊन रामाला आळवणाऱ्या नटाची हाक मध्येच अडावी, याला मला तरी शास्त्राधार दिसत नाही.

खरी अडचण आहे ती द्रव्याची. पोतनाने आपले तेलुगू भागवत राजाला अर्पण करण्याचे नाकारून ते रामचरणी वाहिले, असे परंपरा सांगते. आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचे वैभव वाढविणाऱ्या, म्हणजे आपल्याच भोसल्यांच्या तंजावर दरबारचे आमंत्रण त्यागराजांनी परत केले आणि तिरुवैयारूच्या रस्त्यांवरून कीर्तन करीत, लोकांनी घातलेल्या मूठभर तांदळांवर संसार चालविला, ही कथा दक्षिणेत आबालवृद्धांना ठाऊक आहे. अशा निःस्पृहांची भूमिका करण्याबद्दल नागय्यांना मात्र भरघोस बिदागी मिळत होती, आणि ऐन भरात दक्षिणेतील सर्वाधिक मेहनताना घेणाऱ्या नटांत त्यांची गणना होत होती. ज्या त्यागाचे दर्शन घडवायचे त्याचेच मोल वसूल करायचे, ही विसंगती नागय्यांसारख्या संवेदनशील मनुष्याला जाणवली नसेल, असे मला वाटत नाही. कारण जे हाती आले ते त्यांनी दारी आलेल्या याचकाला, होतकरू कलावंताला, गरजूला जमाखर्च न मांडता देऊन टाकले. १९६५ साली पद्मश्री झालेल्या या नटाला उतारवयात वडीलधाऱ्यांच्या लहानसहान भूमिका कराव्या लागल्या, आणि १९७३ साली देह ठेवताना त्यांच्यापाशी संपत्ती म्हणावी असे काही उरले नव्हते.

व्यवहारी मनुष्य याला बेहिशेबीपणा म्हणेल, आणि आपल्या धर्मशास्त्रानेही कुटुंबाला उघडे पाडणाऱ्या दानाची प्रशंसा केलेली नाही, हे मान्य करूनच मी पुढचे लिहितो. त्यागराजांनी द्रव्य उंबरठ्याबाहेरूनच परत पाठविले. नागय्यांनी ते घरात येऊ दिले, त्याचे सुख चाखले आणि मग सोडले. या दोहोंत दुसरा मार्ग मला अधिक अवघड वाटतो, कारण पहिल्यात मनुष्याला मोह एकदाच जिंकावा लागतो, तर दुसऱ्यात प्रत्येक याचकाबरोबर तो नव्याने जिंकावा लागतो. आणि नागय्यांच्या दारी याचकांची वाण कधीच पडली नाही.