रस्त्याच्या मधोमध

आईबरोबर लक्ष्मी रस्त्याला जायचं म्हणजे तिचा दंड धरून चालायचं, ही माझी कित्येक वर्षांची सवय. फुटपाथ निम्मा दुकानांच्या पायऱ्यांनी आणि पथाऱ्यांनी अडलेला. उरलेल्या जागेत दोघी शेजारी मावत नाहीत, म्हणून खाली उतरायचं. उतरलं की पाठीशी हॉर्न. घरी आल्यावर तिचे पाय दुखायचे ते ठीक, पण खांदेही आखडलेले असायचे.

पुणे महापालिका 11 डिसेंबरला पादचारी दिन पाळते. गरुड गणपती चौकापर्यंतचा लक्ष्मी रस्त्याचा पट्टा त्या दिवशी वाहनांना बंद असतो. 2021 साली हे पहिल्यांदा झालं. पुढे एका वर्षी मी आईला घेऊन गेले. रिक्षातून उतरल्यावर पहिली वीस-पंचवीस पावलं ती कडेकडेनंच चालली, मध्येमध्ये मागे वळून बघत. मग दंडावरचा माझा हात तिनं अलगद काढला आणि थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. एका जुन्या वाड्याच्या लाकडी गॅलरीकडे बघत म्हणाली, "अगं, ही अजून आहे?"

पन्नास वर्षं ती या रस्त्यानं ये-जा करते आहे. खड्डा, स्कूटर, फुटपाथची कड. नजर कायम पायांपाशी. मान वर करायची सोयच नव्हती.

मलाही त्या दिवशी एक आवाज नव्यानं ऐकू आला. कापडाच्या दुकानात मोजून, कात्रीनं जरासा छेद देऊन टर्रकन फाडलेल्या कापडाचा. लहानपणी तो दुकानाच्या आत ऐकला होता. रस्त्यावर उभं राहून कधीच नाही.

गाड्या बंद झाल्या तर गिऱ्हाईक येणार कसं, ही दुकानदारांची धास्ती मी खोटी मानत नाही. कोपनहेगनमध्ये 1962 साली स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता वाहनांना बंद केला, तेव्हा तिथले व्यापारीही असेच धास्तावले होते. तो रस्ता आजही गजबजलेला आहे. पण इतक्या लांब कशाला जायचं? तुळशीबाग इथेच आहे. नारो आप्पाजी खिऱ्यांनी पेशवाईत बांधलेल्या राममंदिराभोवतीच्या त्या बोळांत मोटार शिरूच शकत नाही, आणि दिवाळीच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसते. बांगड्या, भातुकली, पितळेची निरांजनं घ्यायला माणसं चालतच येतात. मात्र बाजाराच्या तोंडापर्यंत बस किंवा रिक्षा आली पाहिजे, आणि आत शंभरेक पावलांवर टेकायला बाक हवा. गुडघे दुखणाऱ्यांना त्याशिवाय हा रस्ता बंदच. वर्षातून एक दिवस मला फार थोडा वाटतो. निदान आठवड्यातून एक संध्याकाळ तरी हा रस्ता चालणाऱ्यांना मिळावा.

गरुड गणपती चौकाशी बॅरिकेड आलं. पलीकडे गाड्यांची रांग. पिशवी भरली होती, घ्यायचं काही उरलं नव्हतं. आई तिथंच वळली.

"चल, पार त्या टोकापर्यंत जाऊन येऊ."