कपाटातली पोकळी

कोलोरॅडोतल्या एका शिकारी मित्राने परवा बोलता बोलता विचारलं, ‘माझ्याकडे २४३ विंचेस्टर आहे आणि ३०-०६ आहे. या दोन्हींच्या मधे मोठी पोकळी राहिली आहे. ती कशाने भरू?’ अमेरिकेत ज्याच्याकडे दोन रायफली आहेत त्याला तिसरीविषयी हा प्रश्न पडतोच, आणि सल्ला देणाऱ्यांचीही वाण नसते. जुनी माणसं २७० विंचेस्टरचं नाव घेतात, तरुण ६.५ क्रीडमूरचं. मला खुपला तो ‘पोकळी’ हा हिशोब. ही पोकळी नक्की आहे कुठे? रानात, की बंदुकांच्या कपाटात?

भारतातल्या वाचकाला शिकारीचा विषयच परका वाटेल. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने ती संपली आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. तिथे रायफलींच्या संग्रहाचा प्रश्न येत नाही. अमेरिकेत कोणतं जनावर, किती आणि कधी मारायचं हे राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं. रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर १९३७च्या कायद्यानुसार वन्यजीवांच्या संवर्धनाकडे जातो. शिकार असावी की नसावी हा वाद मोठा आहे, तो इथे उघडत नाही. जो माणूस जनावरावर गोळी झाडणारच आहे, त्याने कोणत्या गोळीने झाडावी, एवढाच प्रश्न घेतो.

आधी मोजमाप बघू. २४३च्या गोळीचा व्यास ६.१७ मिलिमीटर, ३०-०६च्या गोळीचा ७.८२. फरक १.६५ मिलिमीटरचा. या फटीत ६.५ क्रीडमूर बसतं, २७० बसतं, २८० रेमिंग्टन, ७ मिलिमीटर-०८ आणि इतरही बरीच काडतुसं बसतात, आणि प्रत्येकाचे कट्टर भक्त आहेत. जनावराच्या बाजूने पाहिलं तर? कोलोरॅडोत एल्कसाठी, म्हणजे तीनशे किलोंच्या पुढे जाऊ शकणाऱ्या थोराड हरणासाठी, कायदा किमान ०.२४ इंचाचं कॅलिबर आणि ८५ ग्रेनची, म्हणजे साडेपाच ग्रॅमची गोळी मागतो. मित्राची २४३ त्या अटीत बसते, ३०-०६ तर आरामात बसते. मग दोन्हींच्या मधे रानात असं कोणतं जनावर फिरतं, की जे एकीला जड आणि दुसरीला हलकं पडेल? मला तरी दिसत नाही.

म्हणून मी नेहमी दोन उणिवा वेगळ्या ठेवतो. एक रानातली उणीव. आफ्रिकेतल्या रेड्यासमोर २४३ घेऊन उभं राहणं हा गुन्हा आहे. तिथे १९१२ सालची ३७५ हॉलंड अँड हॉलंड किंवा त्याहून मोठी रायफल लागते, आणि ही उणीव जनावराच्या हाडामांसाने ठरवलेली असते. दुसरी कपाटातली उणीव. ती तक्त्यावरच्या रिकाम्या रकान्यातून जन्मते आणि रानातल्या उणिवेचे कपडे घालून येते. मित्राचा प्रश्न दुसऱ्या जातीचा होता, भाषा मात्र पहिल्याची होती.

माझं भांडण खरं तर एल्मर कीथशी आहे. आयडाहोचा हा शिकारी आणि लेखक आयुष्यभर एकच सांगत राहिला: गोळी जाड हवी, जड हवी. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकातून जॅक ओ’कॉनर २७०ची बाजू मांडायचा, आणि या दोघांची जुगलबंदी अमेरिकन शिकाऱ्यांच्या पिढ्यांनी वाचली. कीथचं म्हणणं असं, की जनावर नेहमी आडवं उभं राहत नाही. ते पाठमोरं पळतं, तिरकं वळतं, तेव्हा हलकी गोळी काळजापर्यंत पोचत नाही. मला हा युक्तिवाद मुळातच अमान्य आहे. पाठमोऱ्या पळत्या जनावरावर गोळी झाडायचीच नाही, हे त्याचं उत्तर आहे; त्यासाठी मोठी रायफल विकत घेणं हे नव्हे. शिवाय मोठ्या काडतुसाचा धक्का खांद्याला बसतो, आणि एकदा त्याची धास्ती बसली की चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, नेम हलतो. अशाने जखमी होऊन निसटलेलं जनावर कुठेतरी झुडपात मरतं.

तरी कीथला एक गोष्ट द्यायला हवी. त्याचा राग पुस्तकी नव्हता. लोकांना शिकारीला नेताना त्याने जखमी जनावरं पाहिली होती, आणि त्याच्या काळात वेगवान हलक्या गोळ्या हाडावर आपटून फुटायच्या. पण या दुखण्याचं औषध जॉन नोझलरने शोधलं, तेही कॅलिबर न बदलता. १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात त्याच्या ३०० मॅग्नमच्या गोळ्या मूस जातीच्या एका थोराड हरणाच्या चिखल माखलेल्या जाड कातड्यावर फुटून वाया गेल्या. दारू भरपूर होती, वेग भरपूर होता, गोळीच कच्ची होती. त्याने गोळीच्या पोटात तांब्याची आडवी भिंत घातली. पुढचं शिसं पसरतं, मागचं भिंतीआड शाबूत राहून आत शिरतं. ती पार्टिशन गोळी १९४८पासून विकली जाऊ लागली. त्यानंतर जाडीचा वाद मध्यम जनावरांपुरता तरी मिटायला हवा होता.

इथे थोडं वाकड्या वाटेने जातो, कारण या वादातला माझा सर्वांत आवडता साक्षीदार १८९२चा आहे. ७×५७ माउझर. डब्ल्यू. डी. एम. बेल नावाच्या स्कॉट शिकाऱ्याने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतले बहुतेक या ‘लहान’ काडतुसाने. ती कत्तल हस्तिदंतासाठी होती आणि आज वाचताना अंगावर काटा येतो. पण बेलने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहिलं होतं, आणि त्याचं सगळं सामर्थ्य त्या माहितीत होतं. इंग्लंडच्या रिग्बी कंपनीने हेच काडतूस २७५ रिग्बी या नावाने विकलं. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी जिम कॉर्बेटला जी रायफल भेट दिली, ती याच कॅलिबरची. चौगडच्या वाघिणीच्या हकिगतीत कॉर्बेट एका हातात रातव्याची दोन अंडी सांभाळत दुसऱ्या हाताने रायफल इंच इंच वळवतो. कीथच्या आवडीची जडशीळ रायफल घेऊन हे करून पाहावं.

आता माझ्याच युक्तिवादाचं पुढचं टोक मला दिसतं, आणि ते मी धरलेल्या दिशेला नाही. १.६५ मिलिमीटरच्या फटीतली सगळी काडतुसं रानात जवळपास सारखीच वागत असतील, तर नवं घेऊ नका असं मित्राला सांगायला जितका आधार आहे, तितकाच हवं ते घ्या असं सांगायलाही आहे. रानाने निकाल द्यायचं नाकारलं, म्हणजे निवड खुली झाली. मग कपाटातल्या उणिवेला मी खोटी का म्हणावं? ती रानातली असल्याचं सोंग घेते तेवढंच वाईट. सोंग उतरवलं की खाली जे उरतं ते संग्राहकाचं कुतूहल, आणि त्यात मला काहीच गैर दिसत नाही.

पण तक्त्यावर नुसते व्यास मांडले, तर त्या कुतूहलाला फारसं काही मिळत नाही. काडतुसांना वंश असतो. १८८८च्या जर्मन लष्करी काडतुसाच्या बुडाचा व्यास सुमारे १२ मिलिमीटर होता. ७×५७ने तोच घेतला. १८९८ मध्ये क्यूबातल्या सान हुआन टेकडीवर स्पॅनिश सैनिकांच्या हातातल्या ७×५७ माउझरनी अमेरिकन सैन्याला रक्तबंबाळ केलं. अमेरिकेने नवी रायफल केली तीही माउझरच्या घडणीवर, इतकी की माउझर कंपनीला पेटंटचे पैसे द्यावे लागले. त्या रायफलीसाठी १९०६ मध्ये ३०-०६ आलं, बूड तेच. त्याची मान आवळून १९२५ मध्ये २७० झालं, धड आखूड करून १९५२ मध्ये ३०८, त्याची मान आवळून १९५५ मध्ये २४३. २००७च्या क्रीडमूरचं बूडही तेवढंच. माझ्या मित्राच्या कपाटातल्या दोन्ही रायफली एकाच घरातल्या आहेत, आणि त्या घरातला आजा तिथे नाही.

म्हणून माझं उत्तर ७×५७. क्रीडमूर उत्तम आहे, धक्का सौम्य आहे, लांबवर नेम राखतं. पण त्याला माझ्या मित्राची गरज नाही. काडतुसांचे कारखाने खपणाऱ्या मापांवर यंत्रं चालवतात. जुन्या मापांची पाळी अधूनमधून येते, आणि २०२०सारखा तुटवडा आला की ती आणखी लांबते. जुनं काडतूस टिकतं ते कुणीतरी त्याची रायफल घेऊन दर हंगामाला रानात जातं म्हणून. काचेआडच्या रायफलीसाठी कुणी काडतुसं बनवत नाही. संग्रहाचा खरा उपयोग मला इथे दिसतो, आणि लिहायला बसलो तेव्हा संग्रहाला उपयोग असतो हेच मला मान्य नव्हतं.

मित्राला दोन गोष्टी मात्र आधी सांगायला हव्यात. अमेरिकन कारखाने ७×५७ मुद्दाम मवाळ भरतात, कारण १८९३च्या घडणीच्या जुन्या माउझर रायफली अजून वापरात आहेत आणि त्यांना जादा दाब सोसत नाही. नव्या, भक्कम रायफलीत या काडतुसाचं पूर्ण बळ हवं असेल, तर युरोपीय काडतुसं मिळवावी लागतील किंवा स्वतः भरावी लागतील, आणि ती कुणाच्या जुन्या माउझरमध्ये जाणार नाहीत याची खबरदारी घ्यावी लागेल. दुसरं असं, की पुंगळ्या मिळेनाशा झाल्या तरी त्याने घाबरू नये. बूड एकच असल्यामुळे ३०-०६च्या रिकाम्या पुंगळ्या साच्यातून काढून आणि कापून आखूड केल्या, की ७×५७च्या होतात, आणि ३०-०६च्या पुंगळ्या त्याच्याकडे आधीच आहेत.